कावळा, फांदी आणि कुंकूफळ



मंचामागच्या फलकावर माझ्या शिक्षकांचं पूर्ण नाव लिहिलेलं आहे. मी जन्मभर त्यांना नुसतं ‘सर’ म्हणत आले, आजही तसंच म्हणेन. त्यांच्या स्मृतिदिनी बोलायला उभं राहणं माझ्यासाठी परीक्षेसारखंच आहे. कुणाचंही सादरीकरण संपलं की सर एकच प्रश्न विचारायचे, आणि तोच प्रश्न माझ्या आजच्या विषयाच्या मुळाशी आहे. त्याच्याकडे मी थोड्या वेळाने येते.

या टेबलावर दोन वस्तू ठेवल्या आहेत. पहिली वस्तू म्हणजे सह्याद्रीतल्या एका झाडाचं वाळलेलं फळ. आकार वाटाण्याएवढा, तीन फाका, आणि वरून लाल पूड माखलेली. बोटावर घासलं की बोट लाल होतं, म्हणून याला कुंकूफळ म्हणतात. दुसरी वस्तू म्हणजे करंगळीच्या पेराएवढी तपकिरी काचेची कुपी. तिच्या तळाशी चिकटलेली नारिंगी पूड तांदळाच्या एका दाण्याहूनही हलकी आहे. कुपीवर चिठ्ठी आहे: ‘निवडक कायनेज रोधक. फक्त संशोधनासाठी. माणसांवर वापरू नये.’ या पुडीचं नाव रॉटलेरिन, आणि हा रेणू याच झाडाच्या फळावरच्या लाल पुडीत असतो.

आज मला त्या चिठ्ठीवरच्या एकाच शब्दाबद्दल बोलायचं आहे. तो शब्द म्हणजे ‘निवडक’. निवडक म्हणजे कुणातून निवडलेला? कुणी निवडला? आणि किती जणांना विचारून?

तीन मुद्दे मांडते. पहिला, कायनेज म्हणजे काय आणि ते थांबवावंसं का वाटतं. दुसरा, नेमकं एकच कायनेज थांबवणं इतकं अवघड का. आणि तिसरा, ‘निवडक’ हा शब्द कमवावा कसा लागतो.

पहिला मुद्दा. आपल्या पेशीत हजारो प्रथिनं असतात. त्यांतली पुष्कळ नुसती हजर असतात. त्यांना कामाला लावायचं असेल किंवा थांबवायचं असेल, तर बऱ्याचदा त्यांच्यावर फॉस्फेटचा एक छोटा गट चिकटवावा लागतो. हा गट येतो एटीपी या रेणूवरून. एटीपीवरचा शेवटचा फॉस्फेट उचलून प्रथिनावर लावणारं विकर म्हणजे कायनेज. स्नायू आखडणं, पेशीचं विभाजन, जखम भरणं, साखर साठवणं आणि वेळ आली की मोडणं, या सगळ्यांत कायनेजं आहेत. २००२ मध्ये मानवी जनुकसंचातल्या कायनेजांची मोजदाद झाली, तेव्हा ती ५१८ भरली.

फॉस्फेट लावून प्रथिनाला कामाला लावता येतं, हा शोध कसा लागला ते मुद्दाम सांगते, कारण त्यात आजच्या व्याख्यानाचं बीज आहे. १९५० च्या दशकात सिॲटलमध्ये एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्ज सशाच्या स्नायूतल्या एका विकरावर काम करत होते. हे विकर साठवलेलं ग्लायकोजेन मोडतं, आणि त्याची दोन रूपं आहेत: एक कामसू, एक सुस्त. सेंट लुईसच्या प्रसिद्ध कोरी दांपत्याच्या पद्धतीने अर्क काढला की कामसू रूप मिळे. या दोघांनी अर्क फिल्टर पेपरमधून गाळण्याऐवजी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून स्वच्छ केला, तर सुस्त रूप मिळालं. असं का व्हावं? शोधता शोधता ते त्या कागदापाशीच येऊन थांबले. फिल्टर पेपरमध्ये कॅल्शियमचा अंश होता. त्या अंशाने अर्कातलं एक कायनेज जागं होत होतं, आणि ते फॉस्फेट लावून सुस्त विकराला कामाला जुंपत होतं. १९५५ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं, १९९२ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

श्रोतेहो, यातली गोष्ट लक्षात घ्या. ज्या कागदाला सगळे नुसती गाळणी समजत होते, तो प्रयोगात गुपचूप भाग घेत होता. फिशर आणि क्रेब्ज यांनी त्या कागदावर संशय घेतला, आणि विज्ञानात एक नवं दालन उघडलं. साधनावर संशय घेणं हा शोधाचाच एक भाग आहे.

आता, एखादं कायनेज काय काम करतं हे कळायचं कसं? सर्वात सरळ उपाय म्हणजे ते बंद करायचं आणि काय बिघडतं ते पाहायचं. बंद करणाऱ्या रेणूला म्हणायचं रोधक. प्रयोगशाळेत आम्ही सरळ इनहिबिटर म्हणतो. कुपीतली पूड डीएमएसओ या द्रवात विरघळवायची, पेशींवर मोजून टाकायची, शेजारच्या थाळीत नुसतं डीएमएसओ टाकायचं, आणि वाट पाहायची. दुपारपर्यंत उत्तर हातात. जनुक काढून टाकायला महिने लागतात, इथे काही तास पुरतात. शिवाय रोधक धुऊन टाकला की बहुतेकदा पेशी पूर्ववत होते. इतकं सोयीचं साधन कुणाला नको असेल?

इथे दुसरा मुद्दा येतो. ही सोय महाग पडते, कारण ५१८ पैकी बहुतेक कायनेजं एकाच घराण्यातली भावंडं आहेत. प्रत्येकाच्या अंगात एटीपी बसायला एक खोबण असते, आणि या खोबणी एकमेकींसारख्या असतात. असणारच, सगळ्यांना धरायचा रेणू एकच आहे. बहुतेक रोधक याच खोबणीत शिरून एटीपीची जागा अडवतात. एकाच लोहाराने एकाच साच्यातून पाचशे कुलपं घडवली, तर त्यातल्या एकाच कुलपाला लागेल अशी किल्ली करायची कशी?

उदाहरण देते. जपानच्या किटासाटो संस्थेत सातोशी ओमुरा यांच्या गटाने १९७७ मध्ये मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून स्टॉरोस्पोरिन हा रेणू वेगळा केला. याच ओमुरांना पुढे आयव्हरमेक्टिनच्या मुळाशी असलेल्या शोधासाठी नोबेल मिळालं. १९८६ मध्ये दिसलं की स्टॉरोस्पोरिन हे प्रोटीन कायनेज-सी या विकराला अत्यंत कमी मात्रेत थांबवतं. संशोधकांना आनंद झाला. मग एकेक करून इतर कायनेजांवर ते तपासलं गेलं, आणि जवळजवळ प्रत्येक कुलूप उघडत गेलं. आज ते कुठल्याही एका कायनेजाचा निवडक रोधक मानलं जात नाही.

दुसरी अडचण मात्रेची. परीक्षानळीत आपण एटीपी थोडंच घालतो. जिवंत पेशीत ते कित्येक पटींनी जास्त असतं. तिथे खोबणीसाठी एटीपीशी स्पर्धा करायची म्हणजे रोधकाची मात्रा वाढवावी लागते. मात्रा वाढली की आधी ज्यांना धक्का लागत नव्हता, तीही विकरं थांबायला लागतात. म्हणून ‘हा रोधक निवडक आहे’ हे वाक्यच अपुरं आहे. किती मात्रेला? किती कायनेजांशी ताडून? पेशीत की नळीत? या तीन प्रश्नांची उत्तरं जोडल्याशिवाय तो शब्द अर्धाच राहतो.

आणि आता, या फळाची गोष्ट.

हे झाड तुम्ही पाहिलेलं आहे, नाव कदाचित ठाऊक नसेल. आयुर्वेदात याच्या लाल पुडीला कंपिल्लक म्हणतात आणि जंतांवर देतात. रेशीम रंगवायला ती शतकानुशतकं वापरली गेली. काही भागांत या झाडाला शेंद्री म्हणतात, आणि अमेरिकेतून आलेल्या एका वेगळ्याच झुडपालाही, ज्याच्या बियांचा रंग खाण्यात घालतात, शेंद्रीच म्हणतात. नाव एक, झाडं दोन. सर वनस्पतींच्या सहलीत हे आवर्जून दाखवायचे आणि म्हणायचे, “नावावर जाऊ नका रे, पान उलटून बघा.” रॉटलेरिन हे नावही असंच फिरून आलेलं आहे. तमिळनाडूतल्या तरंगमबाडीच्या मिशनमध्ये योहान पीटर रॉटलर नावाचे धर्मोपदेशक होते, त्यांना वनस्पतींचा नाद होता. त्यांच्या सन्मानार्थ या झाडाला पूर्वी ‘रॉटलेरा’ म्हणत, आणि त्या नावावरून हा रेणू.

१९९४ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या कर्करोग संशोधन केंद्रातून एक निबंध आला. प्रोटीन कायनेज-सीचीही भावंडं आहेत, त्यांतल्या ‘डेल्टा’ या एका भावंडाला रॉटलेरिन ३ ते ६ मायक्रोमोलर मात्रेला थांबवतं, इतरांना थांबवायला कितीतरी जास्त लागतं, असं त्यात होतं. डेल्टा पेशींच्या मरणात भाग घेतं असा अंदाज होता, पण फक्त त्यालाच थांबवणारं काही हाताशी नव्हतं. मग काय, जगभरच्या प्रयोगशाळांनी ही नारिंगी पूड मागवली. ‘रॉटलेरिन टाकलं, परिणाम थांबला, म्हणजे यामागे डेल्टा आहे’ अशा घाटाचे शेकडो निबंध निघाले.

मीही त्या घाईत होते. माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण याच वाक्यावर उभं होतं. यकृताच्या पेशींवर ताण दिला की त्या एका विशिष्ट तऱ्हेने वागत. रॉटलेरिन टाकलं की ते वागणं थांबे. दहा वेळा केलं, दहाही वेळा थांबलं. आलेख इतके देखणे होते की मी ते सरांना दाखवायला खास गावी आले. सर तेव्हा निवृत्त झालेले. ओसरीवर बसून त्यांनी एकेक आलेख बघितला. मग तोच प्रश्न, जो या सभागृहातल्या कितीतरी जणांनी ऐकला असेल: “अगं, हे असं आहे, की तुला असं हवंय?”

मला राग आला होता. आज हे तुम्हा सगळ्यांसमोर कबूल करते.

काही महिन्यांतच दोन निबंध वाचायला मिळाले. पहिला २०००चा, स्कॉटलंडमधल्या डंडीचा. तिथे फिलिप कोहेन यांच्या गटाने बाजारात मिळणारे २८ रोधक घेतले आणि प्रत्येक रोधक कायनेजांच्या मोठ्या संचावर तपासला. रॉटलेरिनने इतर काही कायनेजं थांबवली. ज्या डेल्टासाठी ते विकलं जात होतं, ते मात्र थांबवलंच नाही. दुसरा निबंध २००१चा, बॉस्टनच्या स्टीफन सोल्टॉफ यांचा. रॉटलेरिन टाकल्यावर पेशीत डेल्टाचं काम बदलतं हे खरं, पण का बदलतं हे त्यांनी शोधलं. रॉटलेरिन तंतुकणिकांवर घाव घालत होतं.

हे नीट समजून घेऊ. तंतुकणिका म्हणजे पेशीचं वीजघर. कोयनेच्या भिंतीआड पाणी साठतं, उंचावरून खाली येताना जनित्र फिरवतं. तंतुकणिकेच्या आतल्या पडद्याच्या एका बाजूला तसेच प्रोटॉन साठतात, आणि परत येताना एटीपी घडवणारं यंत्र फिरवतात. भिंतीला भोक पाडलं तर पाणी वाहतंच, जनित्र मात्र फिरत नाही. रॉटलेरिन नेमकं हेच करत होतं. एटीपी उतरत होतं, आणि कायनेज चालतं कशावर? एटीपीवर. गावातला एक दिवा विझला म्हणून आम्ही त्या दिव्याचा बल्ब तपासत बसलो होतो. जळाली होती गावाची डीपी.

मी माझ्याच पेशींवर हे करून पाहायचं ठरवलं. एटीपी मोजण्याची एक सुंदर पद्धत आहे. काजव्याच्या शरीरात ज्या विकरामुळे उजेड पडतो, ते विकर नळीत घ्यायचं आणि त्यात पेशींचा अर्क घालायचा. जितकं एटीपी, तितका उजेड. मी रात्री उशिरा एकटीने हा प्रयोग लावला. नुसत्या डीएमएसओच्या नळ्यांनी यंत्रावर ठसठशीत आकडा दिला. रॉटलेरिनच्या पहिल्या नळीचा आकडा त्याच्या निम्म्यावरही आला नाही. दुसरी नळी, तिसरी, चौथी, तेच. काजवा विझत चालला होता. त्या खोलीत मला सरांचा आवाज स्पष्ट ऐकू आला, आणि राग मात्र उरला नव्हता.

ते प्रकरण मी प्रबंधातून काढलं. दोन वर्षांचं काम होतं ते. माझा प्रयोग खोटा नव्हता. दहाच्या दहा वेळा जे दिसलं ते खरंच दिसलं होतं. चुकला होता तो निष्कर्ष. कावळा बसला आणि फांदी तुटली, हे दोन्ही मी डोळ्यांनी पाहिलं होतं. फांदी कावळ्यामुळे तुटली, हे मात्र मी पाहिलं नव्हतं. ते मला हवं होतं.

२००७ मध्ये सोल्टॉफ यांनी पुन्हा एक लेख लिहून स्पष्ट सांगितलं की डेल्टाचा रोधक म्हणून रॉटलेरिन अयोग्य आहे आणि निरुपयोगी आहे. तरी त्यानंतरही ते वापरणारे निबंध येतच राहिले. का? कारण कुपीवरची चिठ्ठी आणि जुने निबंध हे दोघं एकमेकांचे साक्षीदार झाले होते. एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवायचं, दुसऱ्याने पहिल्याकडे. अशा खटल्यात चोर सोडून संन्याशालाच फाशी व्हायची.

तिसरा मुद्दा. मग ‘निवडक’ हा शब्द कमवायचा कसा? विज्ञानाने याची उत्तरं शोधली आहेत, आणि ती अशी आहेत की प्रयोगशाळेबाहेरच्या माणसालाही उपयोगी पडावीत.

पहिली कसोटी, दुसरा साक्षीदार. एकच कायनेज थांबवणारे, पण घडणीने एकमेकांशी काही नातं नसलेले दोन रोधक घ्या. दोघांनी एकच परिणाम दिला तर बळ येतं, कारण दोघांच्या चुका सारख्या असण्याचा संभव कमी.

दुसरी कसोटी, निष्क्रिय जुळा. रोधकाच्या रेणूत एखादा अणुगट असा बदला की तो खोबणीत बसणार नाही, बाकी सगळं जवळजवळ तेच राहील. हा जुळा पेशीवर टाकला आणि तरी परिणाम दिसला, तर समजा, परिणाम कायनेजामुळे नाही. तेव्हा रॉटलेरिनला असा जुळा कुणी जोडून पाहिला असता, तर माझ्यासारख्यांची वर्षं वाचली असती.

तिसरी कसोटी मला सर्वात प्रिय आहे: कुलूपच बदला. कायनेजाचं जनुक असं बदलायचं की खोबणीत रोधक शिरणार नाही, एटीपी मात्र शिरेल. आता रोधक टाका. परिणाम नाहीसा झाला तर रोधकाचं लक्ष्य हेच. परिणाम तसाच राहिला, तर खरा गुन्हेगार दुसरीकडे आहे. केव्हन शोकट यांनी हीच युक्ती उलटी करून दाखवली. खोबणीच्या दाराशी असलेलं एक अमिनो आम्ल लहान करून त्यांनी जागा वाढवली, आणि त्या वाढीव जागेतच मावेल असा जाडजूड रोधक बनवला. साध्या कायनेजांत तो सहसा शिरूच शकत नाही.

या कसोटीचा सर्वात मोठा दाखला मात्र प्रयोगशाळेने घडवलेला नाही. इमॅटिनिब तुम्हाला ग्लिव्हेक या नावाने ठाऊक असेल. २०१३ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयात त्याच्या पेटंटवर निकाल लागला होता. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते आणि एबल नावाचं कायनेज बेलगाम होतं. इमॅटिनिबही आधी सांकेतिक क्रमांकाचा, कुपीतला, प्रयोगापुरता रेणू होता. निकोलस लायडन आणि ब्रायन ड्रुकर यांच्या कामातून १९९६ मध्ये दिसलं की तो या पेशींना मारतो आणि निरोगी पेशींना फारसा धक्का लावत नाही. १९९८ मध्ये रुग्णांवर चाचण्या सुरू झाल्या, २००१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. काही रुग्णांमध्ये मात्र आजार उलटला. चार्ल्स सॉयर्स यांच्या गटाने त्यांच्या पेशी तपासल्या. त्यांतल्या अनेकांत एबलच्या खोबणीतलं ३१५ क्रमांकाचं एक अमिनो आम्ल बदललं होतं, आणि औषध आत शिरत नव्हतं. त्या रुग्णांसाठी ही दुःखाची बातमी होती. पण औषध काम करत होतं ते एबलवरच, याहून भक्कम पुरावा मिळणार नव्हता. पुढच्या पिढीची औषधं याच माहितीवर घडली.

आणि इमॅटिनिबही पूर्ण निवडक नाही बरं का. ते एबलसोबत किट आणि पीडीजीएफ ग्राहक या कायनेजांनाही थांबवतं. पण हे माहीत होतं, मोजलेलं होतं, म्हणूनच किट बिघडल्याने होणाऱ्या पचनमार्गाच्या एका गाठीवर तेच औषध उपयोगी पडलं. अपुरी निवड हा दोष नाही. ती लपून राहणं हा दोष आहे.

ती लपून राहिली तर काय होतं? २०१७ मध्ये अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर इथे जेसन शेल्ट्झर यांच्या गटाने ‘मेल्क’ या कायनेजाचं जनुक कर्करोगाच्या पेशींतून कापून काढलं. मेल्कशिवाय या पेशी जगत नाहीत असं मानलं जाई आणि मेल्कचा रोधक रुग्णांवरच्या चाचण्यांत पोचला होता. जनुक गेलं, पेशी मजेत वाढत राहिल्या. त्यांच्यावर तो रोधक टाकला, पेशी तरीही मेल्या. लक्ष्यच जागेवर नव्हतं, मग औषध कुणाला मारत होतं? २०१९ मध्ये याच गटाने अशी आणखी औषधं तपासली, आणि एकाचं खरं लक्ष्य वेगळंच, सीडीके-११, असल्याचं सिद्ध केलं. श्रोतेहो, चाचणीला उभा राहणारा रुग्ण स्वतःचं शरीर आपल्या हवाली करतो. कुपीवरच्या एका शब्दाची शहानिशा न करणं हा त्याच्या विश्वासाचा भंग आहे. म्हणून मला हा विषय नुसत्या रसायनाचा वाटत नाही.

सुदैवाने वारं बदललं आहे. २०१५ मध्ये अनेक संशोधकांनी मिळून असे रेणू पारखून, गुण देऊन सगळ्यांना खुले करण्याचं काम हाती घेतलं. चांगल्या साधनाचे निकष ठरले: नळीत १०० नॅनोमोलरच्या आत काम करावं, नातलग कायनेजांपेक्षा किमान ३० पट निवडक असावं, पेशीत १ मायक्रोमोलरपर्यंत परिणाम दाखवावा, आणि सोबत निष्क्रिय जुळा असावा. जिल्ह्याच्या महाविद्यालयातली विद्यार्थिनीही आज कुपी मागवण्याआधी हे पाहू शकते. मला ही सोय नव्हती. तिला आहे, तर तिने ती वापरलीच पाहिजे.

आता आवरतं घेते. पहिली गोष्ट, साधन कधीच नुसतं बघत नाही. फिल्टर पेपरसुद्धा प्रयोगात भाग घेतो. दुसरी, कायनेजं एकाच घराण्यातली आहेत, म्हणून एकालाच गाठल्याचा दावा मात्रेसकट आणि आकड्यांसकट करायला हवा. तिसरी, हा दावा दुसऱ्या साक्षीदाराने, निष्क्रिय जुळ्याने आणि बदललेल्या कुलपाने कमवावा लागतो. चिठ्ठीवर तो आयता मिळत नाही.

माझ्या प्रयोगशाळेत गेली वीस वर्षं एक रीत आहे. नवी कुपी आली की विरघळवून तिचे छोटे भाग करतो आणि उणे २० अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवतो. प्रत्येक डबीवर दोन चिठ्ठ्या लागतात. एकीवर नाव, तारीख, मात्रा. दुसरीवर एकच मथळा: ‘आणखी कुणाला थांबवतं?’ त्याखाली विद्यार्थी कळेल तसं लिहीत जातात, कुठल्या कायनेजाला, किती मात्रेला. काही डब्यांवर दोन ओळी आहेत, काहींवर नऊ. आणि आमचा नियम असा, की चिठ्ठी कितीही भरली तरी खालची शेवटची ओळ कोरी ठेवायची. ती सरांच्या प्रश्नासाठी राखलेली जागा आहे.